चिमण्या, केरसुणी आणि नगरचा किल्ला

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचा इतिहास बहुधा वेढ्यांच्या हिशेबानें सांगितला जातो. अहमद निजामशहानें इ. स. १४९० च्या सुमारास नगरचा पाया घातला; सोळाव्या शतकाच्या मध्यास हुसेन निजामशहानें मातीच्या कोटाच्या जागीं दगडी तट उभारला; १५९५-९६ च्या हिंवाळ्यांत शहाजादा मुरादच्या फौजांनीं त्यास वेढा घातला, आणि सुरुंगानें तटास पडलेलें खिंडार चांदबिबीनें रातोरात बुजवून घेतलें, ही कथा तर शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. १६०० मध्यें किल्ला मोंगलांकडे गेला, १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें तो शिंद्यांच्या शिबंदीकडून घेतला, आणि १९४२ च्या ऑगस्टांत ब्रिटिश सरकारनें काँग्रेसच्या कार्यकारिणींतील बारा सभासद त्यांत आणून कोंडले. या मोठ्या घडामोडींच्या पोटांत आणखी एक लहानसें युद्ध याच तटाच्या आंत होऊन गेलें. त्याची रणभूमि म्हणजे एक खोली, हत्यारें म्हणजे एक छत्री व एक बांबू, आणि तहाचें कलम लिहिलें गेलें तें केरसुणीनें. एका पक्षास मौलाना अबुल कलाम आझाद होते. दुसऱ्या पक्षास चिमण्या.

ही हकीकत केवळ गंमतीची म्हणून सांगण्यासारखी नाहीं. ज्या घरांत माणसांबरोबर जनावरें अथवा पांखरें राहतात तें घर स्वच्छ कसें ठेवावें, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबास कधींना कधीं पडतो. कोणी मांजर पाळतो, कोणी कुत्रें. कोणाच्या खिडकींत पारवे न बोलावतां येऊन बसतात. मग घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो घर आधीं, दुसरा म्हणतो जीव आधीं. हा वाद आजचा नव्हे. नगर जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी त्याचीं तीन उत्तरें तीन काळांत मिळालेलीं दिसतात: एक जुन्या माळवदाच्या घराचें, एक प्लेगच्या काळाचें, आणि एक किल्ल्यांतील त्या खोलीचें.

प्रथम माळवदाचें घर पाहूं. सह्याद्रीच्या पूर्वेकडील या कमी पावसाच्या मुलुखांत कौलांपेक्षां मातीचें धाबें सोयीचें. जाड भिंतींवर तुळया, तुळयांवर लांकडी कड्या, त्यांवर काटक्यांचा व पाल्याचा थर, आणि त्यावर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी त्याची बांधणी. उन्हाळ्यांत आंत थंडावा, हिंवाळ्यांत ऊब. अशा घरांत शेतकऱ्याचें कुटुंब एकटें कधींच राहत नसे. दरवाज्यांतून आंत शिरलें कीं एका अंगास बैलांची दावण आणि दुसऱ्या अंगास माणसांचा ओटा. दुष्काळाच्या छायेंतील या मुलुखांत बैलजोडी म्हणजे शेतकऱ्याचें सारें भांडवल. तें रात्रीं डोळ्यांआड ठेवणें त्यास परवडणारें नव्हतें. तेव्हां जनावरांशीं शेजार ही हौस नव्हती, गरज होती. आणि गरज असल्यामुळेंच तिचे नियमहि ठरून गेले होते.

त्या नियमांत प्रत्येक जीवास त्याची जागा होती. कुत्र्याची सत्ता उंबऱ्याबाहेर. गाईबैलांची दावणीच्या खुंट्यापर्यंत. मांजरास मात्र थेट माजघरापर्यंत मुभा, कारण कणगींतील व बळदांतील धान्यावर उंदरांचा डोळा असे आणि त्यांचा बंदोबस्त दुसऱ्या कोणासहि साधत नसे. राहिली चिमणी. तिला कोणीं बोलाविलेलें नसे व कोणीं हांकललेलेंहि नसे. कड्यांच्या फटींत, खुंटीच्या वर, देवादिकांच्या तसबिरीमागें ती आपलें बिऱ्हाड थाटीत असे. स्वयंपाकाची चूल व देव्हारा हीं तेवढीं सर्वांपासून राखलेलीं. घराची स्वच्छता ही अशी सीमांच्या आंखणीवर उभी होती. कोणता प्राणी घाण करतो हा प्रश्न गौण. कोणी कोठवर यावयाचें, हा मुख्य.

परंतु नुसत्या सीमा आंखून घर स्वच्छ राहत नाहीं. पहांटे दावणीखालचें शेण उचलावयाचें, मुतानें भिजलेली माती खरडून उकिरड्यावर न्यावयाची व तेथें कोरडी माती पसरावयाची. शेणाच्या गोवऱ्या थापावयाच्या. अंगणांत खराटा फिरवून सडा घालावयाचा. आठवड्यांतून एकदां तरी जमीन सारवून काढावयाची. पावसाळ्यांत तिन्हीसांजेस गोठ्यांत कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करावयाचा. आणि पोळ्यास बैल ओढ्यावर नेऊन न्हाऊं घालावयाचे. या सर्व क्रमांत एक शहाणपण होतें. सडा आणि सारवण या दोन्ही ओल्या रीति आहेत. त्यांनीं धूळ उडत नाहीं, बसते. जनावरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आंत जाऊं देऊं नये, असें आजचे डॉक्टर बजावतात. विशेषतः पोपटासारख्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांतील वाळलेली घाण कोरडी झाडूं नये, ती ओली करून पुसावी, हा त्यांचा सल्ला याच जातीचा आहे.

तथापि जुन्या घराचें गुणगान करतांना डोळे मिटून घेण्याचें कारण नाहीं. शेण हें निर्जंतुक करणारें द्रव्य आहे हा समज खरा नव्हे. धनुर्वाताच्या जंतूंचीं बीजें जनावरांच्या शेणांत व त्यांच्या पायांखालच्या मातींत सांपडतात. किटासाटो या जपानी शास्त्रज्ञानें १८८९ सालीं तो जंतु वेगळा काढून दाखविला. नवजात अर्भकाच्या नाळेला शेण किंवा त्याची राख लावण्याच्या चालीनें किती बाळंतघरें दुःखांत बुडालीं असतील, याची गणना कोणी ठेविली नाहीं. शिवाय वर वर्णिलेला सारा क्रम कोणाच्या हातांनीं चाले, हेंहि विसरतां येत नाहीं. पोळ्याचा बैल पुरुष धूत. बाकीचें जवळजवळ सर्व काम बायकांचें. शेणाची पाटी सुनेच्या डोक्यावर असे आणि स्वच्छतेची कीर्ति घराण्याच्या नांवावर जाई.

आपल्या बालवाङ्मयानेंहि येथें एक मौज करून ठेवली आहे. काऊ आणि चिऊ यांच्या गोष्टींत पावसानें घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, आणि चिऊताई बाळाच्या न्हाण्यामाखण्याचीं कारणें सांगत त्यास ताटकळत ठेवते. मराठी मुलाच्या मनांत चिमणी ही अशी टापटिपीची, मेणाच्या नीटस घरांत राहणारी गृहिणी म्हणून बसलेली असते. खऱ्या चिमणीच्या घरट्याखालीं ज्यानें अंथरूण घातलें असेल त्यास मात्र ठाऊक असतें, कीं तिचें घर सजतें त्या दिवशीं आपलें घर काड्या, पिसें आणि चिंध्या यांनीं भरून जातें.

दुसरें उत्तर प्लेगनें दिलें. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईंत प्लेगचा आरंभ झाला, तो पुढें पुण्याकडे व देशावर पसरला आणि नगर जिल्हाहि त्यांतून सुटला नाहीं. १८९७ च्या आरंभीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. मग जें सुरू झालें तें आजोबांच्या पिढीनें आपल्या नातवंडांना सांगितलेलें आहे: घरांतील सामान रस्त्यावर, भिंतींवर चुन्याचा हात, मोऱ्यांत कार्बोलिक, उन्हें आंत यावीं म्हणून उतरलेलीं छपरें, आणि उकरलेल्या जमिनी. येर्सीननें १८९४ मध्येंच हाँगकाँग येथें प्लेगचा जंतु शोधून काढला होता. पण तो माणसापर्यंत पोंचतो कसा, हें कोणास नीटसें कळलें नव्हतें. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ मध्यें कराचींत प्रयोग करून उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविलें. त्याचें म्हणणें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. तोंवर घरोघरीं झालेली पुष्कळशी धुवाधुवी पिसवांस फारशी न बाधतांच पार पडली होती.

लोकांनीं मात्र आपल्यापुरता एक नियम अनुभवानें बसविला. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावयाचें आणि माळावर झोंपड्या करून राहावयाचें. हा नियम चांगलाच शहाणपणाचा होता. त्याच काळांत मांजराचीहि पत वाढली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्र्यू ब्युकॅनन या डॉक्टरानें १९०८ मध्यें, प्लेगपासून बचावासाठीं घरोघर मांजरें असावींत, असें मत इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत आग्रहानें मांडलें; ज्या वस्तींत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें त्याचें निरीक्षण होतें. माजघरांतील मांजराची जी मुभा आजीबाईंनीं केव्हांच मान्य केली होती, तिला अशी डॉक्टरी मोहोर मिळाली. मांजरालाहि प्लेग होऊं शकतो आणि तें तो माणसास देऊं शकतें, हें आज आपणांस ठाऊक असल्यामुळें ब्युकॅननची शिफारस जशीच्या तशी कोणी करणार नाहीं. पण तिच्यांतील मुख्य मुद्दा, म्हणजे प्राणी तितके सारखेच घातक समजूं नयेत, हा टिकण्यासारखा होता.

तो टिकला नाहीं. प्लेगनें सुशिक्षित मनावर जो ठसा उमटविला त्यांत उंदीर, पिसू, चिमणी, पारवा यांच्यांतील भेद पुसून गेले. स्वच्छ घर म्हणजे बंद घर, आणि फिनाइलचा वास म्हणजे निर्मळपणा, अशी समजूत शहरांतील पांढरपेशा कुटुंबांत रुजली. उंदरांचा बंदोबस्त अवश्यच होता. त्या बंदोबस्तानें असंख्य जीव वांचले हें निर्विवाद आहे. पण भयाचा स्वभाव असा, कीं त्याचें कारण नाहींसें झालें तरी तें स्वतः मागें उरतें. सीमा आंखून शेजार करण्याची जुनी विद्या मागें पडली, आणि तिच्या जागीं हकालपट्टी हा एकच उपाय राहिला.

अशा मनःस्थितीच्या काळांतील एक नागरी, अत्यंत टापटिपीचा, एकांतप्रिय गृहस्थ आतां आपण नगरच्या किल्ल्यांत पाहावयाचा आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहांटे मुंबईंत अटक झालेले नेते खास आगगाडीनें त्याच दिवशीं नगरास आणले गेले. मौलाना आझाद त्या वेळीं काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्याबरोबर जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. पट्टाभि सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष, आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव असे सारे मिळून बारा जण होते. या मंडळींनीं किल्ल्यांत पुष्कळ लेखन केलें. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथलाच. मौलानांनीं आपले स्नेही नबाब सदर यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत पत्रें लिहिलीं. तीं त्या वेळीं धाडतां येण्याजोगीं नव्हतींच; पुढें १९४६ मध्यें ‘गुबारे-खातिर’ या नांवानें तीं प्रसिद्ध झालीं. त्यांतील मार्च १९४३ च्या पत्रांत चिमण्यांची ही हकीकत आली आहे.

मौलाना सांगतात कीं त्यांना मिळालेली खोली गेल्या शतकांतील बांधणीची होती. छत लांकडी तुळयांचें, आणि तुळयांना आधार म्हणून जागोजाग दिलेले टेके. त्यांमुळें घरट्यांस आयते कोनाडे तयार झालेले. म्हणजे नगरच्या कुणब्याच्या माळवदांत चिमणीस जी सोय मिळे, तीच येथें सरकारी खर्चानें मिळाली होती. खोलीच्या एका कोंपऱ्यांत तोंड धुण्याचें मेज होतें. त्याच्या नेमक्या वर एक जुनें घरटें. मेजावर पाणी भरून ठेवावें तों वरून काड्यांचा वर्षाव. समोरच्या भिंतीशीं खाट. तिच्या वर नव्या बांधकामाची धांदल. कित्येक वर्षांचे चुन्याचे थर चिमण्यांच्या चोंचींनीं उकरले जात, आणि त्यांचा धुरळा अंथरुणावर व कपड्यांवर बसे. गवंडी बोलावून फटी बुजवून घ्याव्या, हा सरळ उपाय. पण बाहेरचा माणूस किल्ल्यांत येऊं देत नसत. साध्या पाण्याच्या तोट्या बिघडल्या तरी लष्करी परवानगीवांचून दुरुस्त होत नसत, मग घरट्यांची काय कथा!

तेव्हां मौलानांनीं युद्ध पुकारलें. प्रथम छत्री घेतली. ती छतापर्यंत पोंचेना. मग जाळीं काढण्याचा बांबू सांपडला आणि कांहीं वेळ शत्रूची दाणादाण उडाली. पण विजयी वीर जरा स्वस्थ बसतो न बसतो, तोंच चिमण्या पुन्हा तुळईवर हजर. चांदबिबीच्या किल्ल्यांत शिरून, पडलेलें खिंडार एका रात्रींत बुजविण्याची तिची विद्या कोणीं आत्मसात केली असेल तर ती या पांखरांनीं. मौलानांनीं सारी कथा मुद्दाम वीररसाच्या थाटांत लिहिली आहे, आणि तिची गोडी त्या थाटांतच आहे. जगांतील एका मोठ्या साम्राज्याशीं झुंजणारा पुरुष मूठभर पांखरांपुढें हात टेकतो, हें तो स्वतःच हंसत हंसत सांगतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग येथून पुढें येतो. पराभव मान्य केल्यावर मौलाना रुसून बसले नाहींत. या बिनबोलाविलेल्या पाहुण्यांसह एका घरांत राहावयाचें तर व्यवस्था काय ठेवावी, याचा त्यांनीं शांतपणें विचार केला. खाट भिंतीपासून इतकी सरकविली कीं वरचा केर थेट तिच्यावर पडूं नये. त्यानें खोलीची शोभा बिघडली, ती त्यांनीं सोसली. तोंड धुण्याचें मेज हलविण्यास दुसरी जागाच नव्हती. म्हणून बाजारांतून पुष्कळसे झाडण मागवून मेजावरील प्रत्येक वस्तूवर एकेक घातला, आणि थोड्या थोड्या वेळानें ते झटकून पुन्हा घालण्याचा परिपाठ ठेविला. जमीन उरली. सकाळची नेहमींची झाडलोट पुरेशी होईना. तेव्हां त्यांनीं एक नवी केरसुणी मागवून कपाटाआड ठेवली.

ती कपाटाआड कां? किल्ल्यांत दर दोन खोल्यांमागें झाडलोटीस एक कैदी नेमलेला असे. तो दिवसभर केरसुणी घेऊन उभा राहूं शकत नव्हता. आणि मौलाना म्हणतात, तो राहूं शकला असता तरी त्याच्यावर इतका भार टाकणें न्यायाचें झालें नसतें. चिमण्यांना राहूं द्यावयाचें हा निर्णय मौलानांचा. तेव्हां त्या निर्णयाचा केर त्या कैद्यानें कां काढावा? म्हणून शेजाऱ्यांची नजर चुकवून, दिवसांतून दोनदां, तीनदां, कधीं त्याहूनहि अधिक वेळां ते स्वतःच खोली झाडूं लागले. काँग्रेसचा अध्यक्ष, कुराणाचा भाष्यकार, घराण्यानें व संवयीनें अमिरी राहणीचा हा पुरुष चिमण्यांसाठीं झाडूवाला झाला, आणि तेंहि चोरून!

ही गोष्ट लहान दिसते, पण घरांतील प्राण्यांविषयींच्या बहुतेक भांडणांचें मूळ हिच्यांत उघडें पडतें. प्राणी पाळण्याची हौस एकाची असते आणि केर दुसऱ्याच्या हातून निघतो. मुलगा कुत्र्याचें पिल्लूं आणतो, आणि त्याचा ओला कोंपरा आई पुसते. मालक मांजर मांडीवर घेतात, आणि त्याच्या वाळूचें तबक मोलकरणीनें उचलावयाचें असतें. मग घर अस्वच्छ राहतें म्हणून प्राण्यावर राग निघतो. खरोखर राग यावयाचा तो श्रमाच्या या वांटणीचा. ज्याला पांखरूं हवें त्यानें केरसुणी हातीं घ्यावी, हा नगरच्या किल्ल्यांत चोरून पाळला गेलेला नियम कोणत्याहि घरांत उघडपणें पाळण्यासारखा आहे.

आपल्या समाजांत या नियमाचें मोल अधिकच आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं आपण नवी केरसुणी मांडून तिला हळदकुंकू वाहतों. तिला चुकून पाय लागला तर नमस्कार करतों. पण जे हात ती केरसुणी जन्मभर धरून होते त्यांना शतकानुशतकें आपण उंबऱ्याबाहेर ठेविलें, म्हणजे घराच्या सीमा आंखतांना कुत्र्याच्या पंक्तीस बसविलें. वर सांगितलेल्या जुन्या घराच्या नीटस आंखणीचा हा काळा भाग आहे. याच नगर जिल्ह्यांतील पारनेर येथें १८८० मध्यें जन्मलेले सेनापति बापट यांनीं तो ओळखला होता. त्यांनीं स्वतः हातांत झाडू घेऊन रस्ते झाडले, आणि १९२० च्या सुमारास मुंबईंतील झाडूवाल्यांच्या संघटनेचें काम केलें. पारनेरच्या रस्त्यावरील उघडा झाडू आणि किल्ल्यांतील कपाटाआडची केरसुणी यांच्यांत फरक पुष्कळ आहे. एकीमागें चळवळ होती, दुसरीमागें केवळ एका माणसाची शरम आणि न्यायबुद्धि. परंतु आपला केर आपण काढावा, ही शिकवण दोहोंत एकच आहे.

केर काढण्याची सोय लागल्यावरच मैत्रीस आरंभ झाला, हा क्रमहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे. मौलानांनीं स्वयंपाकघरांतून थोडे कच्चे तांदूळ मागवून समोरच्या सतरंजीवर टाकले आणि ते हालचाल न करतां बसून राहिले. एक चिमणी आली, मग दुसरी. दाणे दररोज थोडे जवळ सरकूं लागले. अखेर ते तळहातावर आले, आणि चिमण्या त्या तळहातावरून टिपूं लागल्या. एकाचें नांव मुल्ला, एकाचें सूफी, एकाचें कलंदर, एका मादीचें मोती, असें नामकरणहि झालें. घरट्यांतून खालीं आलेलें एक पिल्लूं निपचित पडून असतां एकाएकीं पंख पसरून कसें उडालें, याचें त्यांनीं केलेलें वर्णन वाचतांना वाटतें, कीं हा माणूस काड्यांचा केर विसरून गेला आहे. तो विसरला नव्हता. रोज झाडीत होता, म्हणूनच त्याला त्यापलीकडचें दिसूं शकलें.

असाच तह बारांपैकीं आणखी एका कैद्यानें पूर्वीं केला होता. १९३६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नेहरूंच्या आत्मचरित्रांत तुरुंगांतील प्राण्यांविषयीं एक सबंध प्रकरण आहे. कोठडींतील गांधिलमाशांशीं त्यांचें प्रथम भांडण झालें. पुढें त्यांनीं त्यांना त्रास देण्याचें सोडून दिलें आणि वर्षाहून अधिक काळ परस्परांस न डिंवचतां दोघे एकाच जागीं राहिले. बंदिवान माणसास दुसऱ्या जिवाची किंमत लौकर कळते, असें यावरून म्हणतां येईल. मौलानांना तर ती फार कठोरपणें कळावयाची होती. चिमण्यांचीं पत्रें लिहून तीन आठवडे होतात न होतात, तों ९ एप्रिल १९४३ रोजीं त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास वारल्या. आजाराची बातमी आली असतां सरकारकडे सवलत मागण्याचें त्यांनीं नाकारिलें होतें. त्यांची अखेरची भेट झाली नाहीं. घरांत सोबत असणें म्हणजे काय, हें ज्या खोलींत त्यांनीं हंसत लिहिलें, त्याच खोलींत त्यांना तें दुःखानें लिहावें लागलें.

आज तें अहमदनगर अधिकृतपणें अहिल्यानगर झालें आहे. नेते जेथें बंदींत होते तो भाग स्मारक म्हणून जपलेला आहे, आणि तेथें येणाऱ्यांस ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ ची हकीकत सांगितली जाते. जिल्ह्यांतील माळवदें मात्र झपाट्यानें जात आहेत. त्यांच्या जागीं सिमेंटचे स्लॅब आले. त्यांना ना कड्या, ना फटी. टिकाऊपणा, उंदरांपासून संरक्षण, पावसांत न गळणारें छत, हे त्यांचे लाभ खरे आहेत आणि ते कोणी सोडावेत असें नाहीं. पण कोनाड्याकपारींत घरटें बांधणाऱ्या चिमणीस अशा घरांत जागा उरत नाहीं, आणि पिल्लांना भरवावयाचे किडे फवारणीनें नाहींसे होतात. शहरांतून चिमण्या कमी होत चालल्या तेव्हां शेजारच्या नाशिक येथील नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊं लागला. मौलानांच्या पत्रांच्या तारखा याच आठवड्यांतल्या, हा योगायोग मोठा गोड आहे.

चिमणी बाहेर गेली आणि दुसरीकडून कुत्रें व मांजर अगदीं बैठकीपर्यंत आलीं, असें आजचें मध्यमवर्गीय घर आहे. त्यांच्याविषयीं आजचें ज्ञान सांगतें तें थोडक्यांत असें: कुत्र्यामांजरांस रेबीजची लस वेळेवर टोंचून घ्यावी, जंतांचें औषध द्यावें, त्यांचें अंथरूण धुवून उन्हांत टाकावें, मांजराचें वाळूचें तबक रोज साफ करावें आणि तें काम गर्भवती स्त्रीकडे देऊं नये, वाळलेली घाण कोरडी न झाडतां ओल्या फडक्यानें पुसावी, हात साबणानें धुवावे, आणि स्वयंपाकाची जागा प्राण्यांपासून राखावी. यांतील लसीकरण व औषधें हें नव्या विज्ञानाचें देणें. ओलें पुसणें आणि राखीव चूल हें जुन्या घरास ठाऊक होतें. दोहोंची सांगड घातली तर घर आणि प्राणी यांपैकीं एकाची निवड करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.

मात्र या साऱ्या नियमांच्या आधीं एक प्रश्न घरांतील सर्वांनीं एकत्र बसून सोडवावा, आणि तो म्हणजे केरसुणीची पाळी कोणाची. एखादें मूल मांजरासाठीं हट्ट धरून बसलें तर वडिलांनीं त्यास नाहीं म्हणण्याची घाई करूं नये. झाडण व केरसुणी त्याच्या हातीं देऊन महिनाभर पाहावें. त्या महिन्यांत त्याला जें शिकावयास मिळेल तें पुस्तकांतून मिळणें कठीण आहे. आणि चिमणीच्या घरट्यास भिंतीवर एखादी लांकडी पेटी लावून जागा केली, तिच्याखालची खाट हातभर सरकविली, तर एवढ्यानें घराची टापटीप जाणार नाहीं. चांदबिबीच्या किल्ल्यांत ती गेली नव्हती.